चोगम रोड

गेल्या आठवड्यात पार्सल घेऊन आलेल्या मुलाने सही घेता घेता विचारलं, “काकी, हा चोगम कोण होता?” मुलगा चंदगडचा, गोव्यात येऊन दोन महिने झालेले. पत्त्यांवर रोज तो शब्द वाचत असणार. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, चोगम माणूस नव्हता, बैठक होती. ‘कॉमनवेल्थ हेड्स ऑफ गव्हर्नमेंट मीटिंग’ या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेतली की चोगम होतं. त्याच्याकडे अजून चौदा पार्सलं होती, त्यामुळे पुढचं ऐकायला तो थांबू शकला नाही. ते आज इथे लिहिते.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पर्वरीच्या पठारावरून निघून सांगोल्डा, साळगाव करत कळंगुटच्या बाजूला उतरणारा हा रस्ता. आता त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या लाकडी सामानाची दुकानं, फर्निचरच्या शोरूम, हॉटेलं. शनिवारी संध्याकाळी घराच्या फाटकातून स्कूटर बाहेर काढायची तर पाच-पाच मिनिटं ताटकळावं लागतं. माझ्या लहानपणी इथे दिवसातून मोजून काही बसेस जायच्या. बाकी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल, शाळेची मुलं, आणि दुपारी कोणीच नाही.

१९८३ साली मी सहावीत होते. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर. आम्ही त्याला साबांखा म्हणतो. गोवा तेव्हा राज्य नव्हतं, दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश होता, मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे. त्या वर्षी पाऊस संपता संपता बाबा घरी उशिरा येऊ लागले. राष्ट्रकुलाची, म्हणजे बहुतेक पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या ‘कॉमनवेल्थ’ या संघटनेची, शिखर बैठक नोव्हेंबरात दिल्लीत भरणार होती आणि मधले शनिवार-रविवार सगळे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष गोव्यात, सिकेरीला, आग्वाद किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्कामाला येणार होते. त्यांच्यासाठी तिथे चढणीवर नवे बंगले बांधले गेले. आणि आमचा रस्ता रुंद व्हायचा होता.

डांबराचं काम पावसात करता येत नाही आणि आमचा पाऊस ऑक्टोबरातही पुरता जात नाही. त्यामुळे हाताशी दिवस किती थोडे होते ते बाबांच्या चेहऱ्यावर दिसायचं. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, डांबराचे पिंप तापवायचे, रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात पुन्हा तेच. कामावरच्या बायका बहुतेक कर्नाटकातून आलेल्या, पायाला गोणपाट गुंडाळून गरम खडीवर चालायच्या. बाबांच्या चपलांना आणि घोट्यांना डांबर चिकटलेलं असायचं. आई परसात पाटावर बसून घासतेलाच्या फडक्याने त्यांचे पाय पुसायची. त्या वासावरून मी अंथरुणात ओळखायची, बाबा आले.

आणि मग आमच्या माडांची गोष्ट.

आमच्या कुंपणाच्या आत, पण रस्त्याच्या नव्या रेघेत येणारे दोन माड होते. तोडायच्या झाडांवर गेरूची फुली मारायची, हे काम ओव्हरसियरचं. बाबांनी पूर्ण पट्ट्यातल्या झाडांवर फुल्या मारल्या होत्या. आमच्या दारातल्या दोघांवर त्यांनी त्या शेवटी, सकाळी लवकर, आजी उठायच्या आत मारल्या. आजी उठली, मुखमार्जनाला बाहेर आली आणि बघतच राहिली. “हे म्हजे मांयन लायल्ले माड,” एवढंच म्हणाली. मांय म्हणजे तिची सासू. दुसऱ्या कोणी अधिकाऱ्याने ती फुली मारली असती तर आजी त्याच्याशी भांडली असती. मुलाशी भांडणार कशी? तिने दहा-बारा दिवस बाबांशी बोलणं टाकलं. त्यांचं ताट ती वाढायची, पण शब्द नाही. माड पडले त्या दिवशी ती माहेरी, म्हापशाजवळ, निघून गेली. जाताना मला म्हणाली, कोण येणार ते नीट बघून ठेव आणि मला सांग.

त्यामुळे कोण येणार, हे बघणं ही माझी जबाबदारी होती. मी ती फार मनावर घेतली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाताची कापणी होऊन शेतं रिकामी झालेली, सकाळी साळगावच्या पांढऱ्या इगर्जीभोवती, म्हणजे चर्चभोवती, धुकं. रस्ता इतका काळा आणि गुळगुळीत होता की आम्ही मुलं त्यावर अनवाणी पळून बघायचो. उरलेल्या माडांच्या बुंध्यांना चुना लावलेला. आम्हांला शाळेतून रांगेत आणून उभं केलं, हातात कागदी झेंडे. दोन तास उभे होतो. मग मोटरसायकली आल्या आणि त्यांच्यामागे गाड्या, एकामागे एक, काचा वर. गाड्यांवर लहान लहान झेंडे होते. मला एकाही देशाचा ओळखता आला नाही, आपला सोडून. माझ्या शेजारची मैत्रीण शपथेवर सांगत होती की तिने इंदिराबाईंचे पांढरे केस पाहिले. मी पाहिले नाहीत. आजीला काय सांगायचं, या विचाराने मला तिथेच रडू आलं.

माझा दादा तेव्हा दहावीला. तो झेंडे घ्यायला आलाच नाही, घरी ट्रान्झिस्टरला कान लावून बसला होता. त्याच आठवड्यात मुंबईला वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी चालू होती. जूनमध्ये आपण विश्वचषक जिंकलेला आणि लॉइडची माणसं त्याचा वचपा काढायला आलेली. त्या कसोटीत वेंगसरकरने शतक काढलं, रिचर्ड्सनेही काढलं. रात्री मी दादाला रडत रडत सांगितलं की मला कोणीच दिसलं नाही. त्याने वहीत एक नकाशा काढला. म्हणाला, वेस्ट इंडीज नावाचा देशच नाही, ती पुष्कळशी बेटं आहेत. लॉइड गयानाचा, रिचर्ड्स अँटिग्वाचा. खेळताना सगळी एक होतात. आणि तुझ्या त्या गाड्यांमधून त्या प्रत्येक बेटाचा वेगळा पंतप्रधान गेला. मला ते इतकं नवल वाटलं की मी आजीला तेच सांगितलं. रिचर्ड्सच्या गावचा पंतप्रधान आपल्या दारावरून गेला, आजी. आजीला रिचर्ड्स माहीत नव्हता. तिने विचारलं, “तेवढंसं गाव आणि त्याला पंतप्रधान?”

आजीचा तो प्रश्न माझ्यासोबत राहिला. पुढे मी इतिहास शिकवू लागले आणि दरवर्षी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगाचा धडा घेताना राष्ट्रकुल दोन ओळींत उरकावं लागतं, तेव्हा तो हटकून आठवतो.

राष्ट्रकुल हे नाव ऐकलं की आपल्याकडे लोकांच्या कपाळाला आठी पडते. ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्याच राजघराण्याच्या छत्राखाली पुन्हा कशाला बसायचं? हा प्रश्न १९४९ सालीही होता आणि तो खराच होता. भारत प्रजासत्ताक होणार म्हणजे राजाशी निष्ठा नाही, आणि तोवरचा नियम असा की निष्ठा नाही तर सदस्यत्व नाही. आयर्लंड त्याच एप्रिलमध्ये बाहेर पडला. नेहरू लंडनच्या परिषदेला गेले आणि तिथे असा तोडगा निघाला की राजा हा केवळ या स्वतंत्र राष्ट्रांच्या संघटनेचं प्रतीक म्हणून तिचा प्रमुख राहील, भारतावर त्याची सत्ता कसलीच नाही. नेहरूंनी मे महिन्यात संविधान सभेत हा करार मांडला, त्यावर टीकाही झाली, पण तो मंजूर झाला. त्या एका दारातून पुढे आशिया-आफ्रिकेतली कितीतरी प्रजासत्ताकं आत आली. भारताने ते दार उघडलं नसतं तर हे राष्ट्रकुल गोऱ्या वसाहतींचंच मंडळ राहिलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्हां गोवेकरांचं यात आणखी वेगळं. १९४९ साली आम्ही या गोष्टीत नव्हतोच. आमच्यावर पोर्तुगाल होता, आणि तो १९६१ च्या डिसेंबरपर्यंत होता. ज्या आग्वादच्या पायथ्याशी ब्रिटिश साम्राज्यातून सुटलेले देश १९८३ मध्ये जमले, तो किल्ला पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये बांधलेला, आणि त्याच्या तुरुंगात त्यांनी गोवा मुक्तीचे सत्याग्रही डांबले. १९८३ मध्येही तो तुरुंग चालू होता. आता तिथे संग्रहालय आहे. मी दरवर्षी नववीची मुलं घेऊन जाते. अंधाऱ्या कोठडीत उभं राहिल्यावर त्यांना सांगते की त्या काळच्या राष्ट्रकुलात तुरुंग पाहिलेले नेते कमी नव्हते. इंदिराबाई १९४२ च्या चळवळीत नैनीच्या तुरुंगात होत्या, झांबियाच्या केनेथ काउंडांनी तुरुंगवास भोगला होता, झिम्बाब्वेचे मुगाबे ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) कैदेत दहा वर्षं होते. मुगाबेंनी पुढे स्वतःच्या देशाचं काय केलं तेही सांगते. मुलांना अर्धं सांगू नये.

या बैठकांची कामाची रीत मला फार मोलाची वाटते. दर दोन वर्षांनी एकदा भरतात. १९७१ ला सिंगापूरला ‘चोगम’ या नावाने पहिली भरली. त्याआधी पंतप्रधान परिषदा असायच्या, बहुतेक लंडनलाच. मतदान होत नाही, सगळ्यांना पटेल त्या शब्दांपर्यंत बोलत राहायचं. मोठा देश असो की बेट, खुर्ची एकच. सगळ्यांना इंग्रजी येतं म्हणून कानाला दुभाष्याचा इअरफोन नसतो. आणि मधले दीड-दोन दिवस ‘रिट्रीट’. कॅनडाचे पंतप्रधान पिअर त्रुदो यांनी १९७३ ला ओटावाच्या बैठकीवेळी ही प्रथा घातली. अधिकारी, सचिव, फायली सगळं मागे ठेवून नेत्यांनी एखाद्या निवांत जागी एकत्र राहायचं, जेवायचं, चालायचं, बोलायचं. आमच्याकडे लग्न ठरवताना बैठकीत जे अडतं ते परसात दोन मोठी माणसं विडा खाताना सुटतं, तसंच. लिहून आणलेलं भाषण वाचायला समोर कोणी नसलं की माणूस ऐकतो.

१९८३ चं ते रिट्रीट म्हणजेच आमच्या रस्त्याचं कारण.

तो आठवडा जगासाठी वाईट होता. बैठक दिल्लीत २३ नोव्हेंबरला सुरू झाली, त्याच दिवशी जिनेव्हात युरोपमधल्या अण्वस्त्रांवरच्या वाटाघाटीतून सोव्हिएत शिष्टमंडळ उठून गेलं. अमेरिकेची नवी क्षेपणास्त्रं पश्चिम जर्मनीत येत होती. सायप्रसच्या उत्तर भागाने आठवड्यापूर्वी स्वतःला वेगळा देश जाहीर केला होता. श्रीलंकेत जुलैमध्ये तमिळांची कत्तल झाली होती आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने या बैठकीला आले तेव्हा इंदिराबाईंशी त्यांची बोलणी झाली. त्यांतून निघालेला प्रस्तावांचा मसुदा पुढे ‘परिशिष्ट क’ म्हणून ओळखला गेला. तो टिकला नाही.

पण सगळ्यांत ताजी जखम ग्रेनाडाची होती. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट ३४४ चौरस किलोमीटर, गोव्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. तेव्हा वस्ती लाखाच्या आसपास. १९ ऑक्टोबरला तिथले पंतप्रधान मॉरिस बिशप यांची त्यांच्याच पक्षातल्या फुटीतून हत्या झाली आणि २५ ऑक्टोबरला अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं. ग्रेनाडा राष्ट्रकुलाचं सदस्य. राणी एलिझाबेथ त्या देशाची औपचारिक प्रमुख. तरी ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा विरोध अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी मनावर घेतला नाही. आणि घरातच दोन तट पडले, कारण जमैका, बार्बाडोस, डॉमिनिका ही शेजारची बेटं अमेरिकेच्या बाजूने उतरली होती, तर आफ्रिकेतले देश संतापले होते. एका महिन्याच्या आत ही सगळी माणसं एका टेबलाभोवती बसायची होती.

ती बसली. दिल्लीत बोलली, मग आमच्या दारावरून आग्वादला गेली आणि २७ नोव्हेंबरला, रविवारी, गोवा घोषणापत्र बाहेर आलं. मी ते पहिल्यांदा वाचलं ते वयाच्या तिसाव्या वर्षानंतर, पणजीच्या ग्रंथालयात. त्यात अण्वस्त्र स्पर्धेबद्दलची काळजी आहे, त्रुदोंच्या शांतताप्रयत्नांना पाठिंबा आहे, गरीब-श्रीमंत देशांमधल्या दरीबद्दल लिहिलं आहे. आणि एका ठिकाणी लहान राष्ट्रांबद्दल आहे. त्याचा अर्थ असा, की लहान राष्ट्रं बाहेरच्या हल्ल्यापुढे आणि ढवळाढवळीपुढे किती उघडी पडतात याची आम्हांला विशेष काळजी वाटते, आणि त्यांच्या स्वातंत्र्याची, त्यांच्या भूमीची राखण होईल हे पाहणं ही सगळ्या जगाची नैतिक जबाबदारी आहे.

ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्या आजीने जे विचारलं होतं, तेवढंसं गाव आणि त्याला पंतप्रधान, त्याचं उत्तर आमच्या घरापासून काही किलोमीटरवर, त्याच दोन दिवसांत लिहिलं गेलं होतं. हो. तेवढंसं गाव आणि त्याला पंतप्रधान. त्याच सप्टेंबरात सेंट किट्स आणि नेव्हिस नावाचा देश स्वतंत्र होऊन राष्ट्रकुलात आला होता, २६१ चौरस किलोमीटरचा, जवळजवळ आमच्या बार्देश तालुक्याएवढा. बार्देशला एक खुर्ची, इंग्लंडला एक खुर्ची. हे कोणाला नाटकी वाटेल. ज्याची वस्ती लहान आहे त्याला विचारा. गोवा १९६७ साली महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर मतदान करून बसला होता. घरात मराठी वाचणारे आणि कोकणी बोलणारे आम्ही, आमच्याच कुटुंबात दोन बाजू होत्या. लहान जागेला स्वतःचं असं काही असावं की नसावं, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या पानावर असायचा.

आणि ते घोषणापत्र कागदावरच राहिलं नाही. त्यावरून राष्ट्रकुलाच्या सचिवालयाने लहान राष्ट्रांच्या असुरक्षिततेचा अभ्यास करवला. १९८५ साली त्याचा अहवाल आला. लहान देशांची अर्थव्यवस्था एका वादळाने कशी कोसळते, एका पिकावर कशी लटकलेली असते, त्यांना मदत देताना कोणते वेगळे निकष हवेत, ही चर्चा त्यातून उभी राहिली. आज राष्ट्रकुलाच्या ५६ सदस्यांपैकी ३३ लहान राष्ट्रं आहेत.

या बैठकांनी सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. १९७९ ला ल्यूसाकात थॅचरबाईंनी ऱ्होडेशियाच्या बाबतीत पाऊल मागे घेतलं, त्यातून लंडनच्या लँकेस्टर हाउसची बोलणी झाली आणि एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला, हे खरं मोठं काम. दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांसाठी मात्र वर्षानुवर्षं ब्रिटन विरुद्ध बाकी सगळे असं चाललं. १९९५ ला ऑकलंडची बैठक चालू असताना नायजेरियाच्या लष्करी राजवटीने केन सारो-विवा या लेखकाला फाशी दिली. सदस्यत्व स्थगित झालं, पण माणूस गेला. २०१३ ला कोलंबोची बैठक श्रीलंकेतल्या युद्धातल्या तमिळांच्या हालांवरून वादात सापडली आणि मनमोहन सिंग गेले नाहीत. मला त्या वेळी वाटलं होतं, आणि अजून वाटतं, की जाऊन तोंडावर बोलणं जास्त बरं झालं असतं. रिट्रीट कशासाठी असतं मग?

ऑकलंडवरून आठवलं. आमच्या शेजारचे तितीव तरुणपणी मोझांबिकला, बैराच्या रेल्वेत नोकरीला होते, १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर परत आले. मोझांबिक ब्रिटिशांचं कधीच नव्हतं, आमच्यासारखंच पोर्तुगिजांचं. तरी १९९५ मध्ये त्याला राष्ट्रकुलात घेतलं, कारण वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात शेजाऱ्यांसाठी त्याने फार सोसलं होतं. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा तितीव बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसले होते. “आतां तेय आयले मरे भितर!” म्हणजे आता तेही आत आले की, असं म्हणाले आणि किती वेळ हसत होते. मग घरात जाऊन बैराच्या समुद्रकाठचा एक फोटो घेऊन आले. ब्रिटिशांचा माजी गुलाम असण्याची अट गेली आणि सोबत येण्याची इच्छा उरली. मला वाटतं त्या दिवशी ते राष्ट्रकुल थोडं माझंही झालं.

२०२४ च्या ऑक्टोबरात ही बैठक सामोआच्या आपिया शहरात झाली. प्रशांत महासागरातल्या लहान बेटावर पहिल्यांदाच. बातम्यांत मी पाहिलं, तिथल्या गावांनी एकेक देश वाटून घेतला होता आणि त्या देशाच्या झेंड्यांनी, फुलांनी रस्त्याकडेची आपली हद्द सजवली होती. महासागराबद्दलचं घोषणापत्र निघालं, गुलामगिरीच्या नुकसानभरपाईवर बोलायची वेळ आली आहे हे निवेदनात आलं. पण मी त्या रस्त्याकडेच बघत होते. दगडांना चुना लावलेला, मुलं रांगेत उभी.

तेव्हाच ठरवलं की बाबांना सगळं वाचून दाखवायचं. बाबा आता ८६ वर्षांचे आहेत, दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. चोगमसाठी रस्ता केला एवढं ते सांगतात, पण आत काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी गोवा घोषणापत्र मराठी करून वाचलं. लहान राष्ट्रांचा परिच्छेद दोनदा वाचला. मग ग्रेनाडाचं सांगितलं. तिथे जायफळ होतं, त्यांच्या झेंड्यावरच जायफळाचं चित्र आहे, हे ऐकून ते सावरून बसले. आमच्या मामाच्या कुळागरात जायफळ आहे.

मग मी धावपट्टीचं सांगितलं. ग्रेनाडाच्या नैर्ऋत्य टोकाला बिशप यांचं सरकार क्यूबाच्या मजुरांकडून नवा विमानतळ बांधत होतं, सुमारे ९,००० फुटांची धावपट्टी. सरकार म्हणायचं, पर्यटकांसाठी. अमेरिका म्हणायची, लष्करासाठी. स्वारीच्या वेळी सैन्य उतरलं ते त्याच धावपट्टीवर. पुढच्या वर्षी अमेरिकेच्याच मदतीने ती पुरी झाली, पर्यटक उतरू लागले, आणि २००९ मध्ये विमानतळाला मॉरिस बिशप यांचंच नाव दिलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग ओव्हरसियरचे प्रश्न सुरू झाले. जमीन कशी होती, डोंगर कापला की भराव घातला, पाऊस कधी असतो तिकडे. मला येत होतं तेवढं सांगितलं. दाबोळीची धावपट्टीही नौदलाचीच आणि पर्यटकही तिथेच उतरतात, असं ते स्वतःशीच म्हणाले.

रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली. जिथे ते दोन माड होते तिथे आता गटाराची फरशी आहे.

“त्या धावपट्टीसाठी माड किती पाडले,” बाबांनी विचारलं, “लिहिलंय का कुठे?”

मी हातातले कागद पुन्हा चाळले. नव्हतं.